शेवटी बसणारी जमादारीण

जमादारीण वखारीत कधी आधी बसली नाही. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. आवाज असा की कापसाच्या गाड्यांचे बैल कान टवकारत, म्हणून ती जमादारीण. अमरावतीच्या त्या वखारीत सरकी काढायचे रेचे रांगेनं मांडलेले असत. कामाला आलेली प्रत्येक बाई आपल्या रेच्यापाशी बसेपर्यंत ही दारात उभी. "साऱ्याइले बसू द्या, मंग मी बसतो," हे तिचं रोजचं बोलणं.

या बायांना कामाला आणलं तिनंच. विलायती सुतानं आम्हा कोष्ट्यांच्या घरचे चरखे बंद पाडले. पुढे त्याच विलायतेला आपला कापूस हवासा झाला, तेव्हा वखारीच्या शेटजींच्या घरी सोनं आलं. आमच्या गल्लीत काय आलं? माझी विधवा आई रडत बसली होती. जमादारीण दारात येऊन म्हणाली, "कावून रडून राहिली वं? हात तुटले का तुये? चाल!" आई गेली. तिच्या मागून गल्लीतल्या पोरीसोरी गेल्या. स्त्रियांच्या उद्धारावर चोपड्या लिहिणाऱ्या एकाही गृहस्थानं एवढं केलेलं मला ठाऊक नाही.

एकदा वखारीच्या दिवाणजीनं रहिमतबीला, एका विणकराच्या बायकोला, दारातच अडवलं. कडेवर तान्हं पोर होतं, एवढाच तिचा गुन्हा. जमादारीण दारातून हलली नाही, तशा बसलेल्या बायाही रेच्यांपासून उठून उभ्या राहिल्या. बाहेर गाड्या तुंबल्या, गाडीवान शिव्या देऊ लागले.

"बाई, पाया पडतो तुझ्या, बस!" दिवाणजी म्हणाला.

"माह्या पाया नोको पडू. तिले आत घे."

रहिमतबी आत आली. पोर कापसाच्या ढिगावर झोपी गेलं. मी माझं पहिलं पत्रक लिहिलं ते त्या दिवशी.

मग अकोल्याच्या कारखान्यात सरकी काढायचं वाफेचं यंत्र आलं आणि आमच्या वखारीतले रेचे थांबले. "मालकाशी बोलतो, साऱ्याइले जागा करतो," असं सांगून जमादारीण पुढे गेली. निरोप आला तशा सगळ्या निघाल्या, कापसाच्या गाड्यांमागून चालत. मीही गेलो.

कारखान्याचं फाटक बंद. त्यातली दिंडी तेवढी उघडी, एका माणसापुरती. पहारेकरी एकीला आत घेई, लगेच कामाला बसवी, मग दुसरीला बोलावी. आत गेलेलीला बाहेरचं काही दिसत नसे. रहिमतबीची पाळी आली तेव्हा तिला बाजूला सारलं. "पोर घेऊन नाही."

"असं एकेक कावून घेता?" मी विचारलं.

"आतल्या बाईनंच सांगतलं. म्हणे, एकीले नाही म्हटलं का ह्या साऱ्या उभ्या राह्यतात."

मी दिंडीतून डोकावलो. जमादारीण तिपाईवर बसली होती. सगळ्यांच्या आधी.

आईला हाक आली. ती उंबऱ्याशी थांबली आणि आत पाहून म्हणाली, "साऱ्याइले बसू द्या, मंग मी बसतो."

जमादारणीनं मान वर केली नाही. "ये वं, बस. मले बी म्हातारपण हाये. उभं राहून पोट भरते का?"

तोच आवाज. फक्त हळू.

आई फिरली, रहिमतबीचं पोर आपल्या कडेवर घेतलं आणि अमरावतीची वाट धरली. आता दोघी लोकांची दळणं दळतात.

मी पत्रकं काढतो. शहरातल्या बायांना, पोरांना काम द्या, सगळ्यांना द्या, म्हणून भांडतो. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी जमादारणीचंच वाक्य असतं.

"खाली तिचं नाव टाक," आई म्हणते. "शिकवलं तं तिनंच."

मी टाकत नाही.