खुर्चीतून पाच वेळा

परवा खणात व्यायामाचा एक जुना रबरी पट्टा सापडला आणि त्याच्या पावडर लागलेल्या रबराच्या वासाने मी थेट दीक्षितपुरा मोहल्ल्यातल्या एका घराच्या बैठकीच्या खोलीत जाऊन पोचले. म्हातारपणी झिजलेले स्नायू व्यायामाने पुन्हा भरतात का, याचा तेव्हा आमच्या कॉलेजात अभ्यास चालू होता. त्या घरातल्या निवृत्त ड्रिल मास्तरांना मी पट्टा देऊन, रोज ओढायला शिकवून आले होते. तीन महिन्यांनी शेवटची चाचणी होती: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं. मास्तर दाढी करून, कॅनव्हासचे पांढरे बूट घालून तयार बसले होते. मी घड्याळ सुरू केलं, ते अर्धवट उठले, तोच स्वयंपाकघरातून त्यांची सून कणकेच्या हातांनी धावत आली आणि तिने त्यांना काखेत धरून उभं केलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी ओरडलेच, "वहिनी, हात नका ना लावू, सगळी चाचणी वाया जाते!" "अन् बाबा पडले तर? आम्ही घरात असताना त्यांना काहून त्रास देऊन राहिल्या, दीदी? तो पट्टासुद्धा मीच ओढून देते रोज!" मी कपाळावर हात मारला. मास्तर बुटांकडे बघत म्हणाले, "चलो, राहू द्या मॅडम." त्यांच्या नावावर काट मारून मी तणतणत स्कूटर काढली. काल आई भाजीची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. शेवटच्या पायरीवर मी धावत जाऊन ती पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली. "अगं," ती म्हणाली, "तीन मजले आणलीच होती ना मी."