पांढरी चार

"दॅटल डू मी," हे त्यांचे पालुपद होते. चहाचा अर्धा कप संपला की दॅटल डू मी. हिरवळ निम्मी कापून झाली की यंत्र बंद, आणि पुन्हा दॅटल डू मी. मला एवढे पुरे, असा त्याचा सरळ अर्थ. परदेशातल्या या वेरिबी उपनगरात, आमच्या रस्त्यावर, ते आठ वर्षे माझे शेजारी होते. त्या काळात या वाक्याइतके दुसरे काही त्यांच्या तोंडून ऐकल्याचे मला स्मरत नाही. गाणे तर शेवटच्या वर्षापर्यंत नाहीच.

हे आवर्जून सांगतो, कारण आमच्या महाराष्ट्र मंडळात आता निराळीच कथा रूढ झाली आहे. तिच्यानुसार हे गृहस्थ रोज संध्याकाळी माझ्या अंगणात गात बसत, मी त्यांना राग शिकवले, आणि पुढे रेडिओवर त्यांच्या दिवंगत पत्नीचा विषय खुबीने काढून त्यांना पुन्हा गाते केले. यातले एकही विधान खरे नाही. आपण मराठी मंडळी माणसे न्याहाळणारी. निदान आपण तरी जे पाहिले तेवढेच सांगावे.

ते कंट्री संगीताचे जुने गायक होते. गुरेढोरे, लांबचे रस्ते, कोरडी गेलेली वर्षे, सोडून गेलेली माणसे, असा त्या गाण्यांचा संसार. गिटार घेऊन त्यांनी या देशातली गावे पालथी घातली होती, आणि पत्नी शेजारी उभी राहून वरच्या सुरात साथ करी. ती गेली आणि त्यांनी गाणे थांबवले, एवढे मला ठाऊक होते. तिचे नाव मात्र ठाऊक नव्हते. त्यांच्या बोलण्यात ती नेहमी 'द मिसेस' असे. माझी सारी बाजू या एका गोष्टीवर उभी आहे.

मला ते 'प्रोफेसर' म्हणत. मी जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कामात इंजिनिअर होतो. पहिली तीन वर्षे मी दुरुस्ती सुचवली. "राइट यू आर, प्रोफेसर," असे उत्तर येई. पुढे मी तो विषय सोडून दिला, आणि माझ्या बाबतीत असे क्वचित घडते.

येथल्या एका हौशी रेडिओ केंद्रावर रविवारी दुपारी आमचा मराठी तास असतो. मी निवेदन करतो, प्रसंगी पेटीही वाजवतो. आमच्यानंतर कंट्री संगीताचा तास. तो चालवणारी तरुण निवेदिका त्यांच्या रेकॉर्डी ऐकत वाढलेली. तिने महिनाभर विनवण्या करून त्यांना मुलाखतीसाठी आणले होते. आमचा तास संपला तसा मी निघू लागलो, तर त्यांनी माझी बाही धरली.

"तू बस इथेच, प्रोफेसर. नाहीतर मी पळून जाईन."

म्हणून मी दुसऱ्या माइकपाशी बसून राहिलो. पेटी पायाशी होती.

निवेदिकेने विचारले, "पुन्हा कधी गाणार?"

"नाही गाणार. लोकांना माझी गाणी माहीत आहेत ती रेकॉर्डवरच्या वरच्या सुरातली. आता तिथे आवाज जात नाही. लोकांपुढे निम्मं गाणं घेऊन कशाला उभं राहायचं?"

मला हे तर्कटच वाटले. आवाज उतरला म्हणून कोणी गाणे सोडतो काय? मी इंग्रजीतच विचारले, परंतु ऐन वेळी जो शब्द तोंडात होता तोच बाहेर पडला.

"व्हॉट इज युअर पट्टी नाऊ?"

त्यांनी माइक जरा बाजूला सारला. निवेदिका माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी शिवी दिली.

"पॅटी कबरस्तानात आहे, मेट," ते म्हणाले. "पण ती असती तर हेच म्हणाली असती. 'खाली घे रे, किती ओरडतोस,' असं मला सारखं सांगायची. मी ऐकलं नाही. वर गेलं की टाळ्या पडायच्या ना."

पट्टीतला 'प' आणि पॅटीतला 'पॅ' यांत पुष्कळ अंतर आहे, त्यामुळे मी मुद्दामच पॅटी म्हणालो असणार, असा मुद्दा मंडळाचे चिटणीस काढतात. अंतर आहे. परंतु जन्मभर लाउडस्पीकरशेजारी उभ्या राहिलेल्या कानांना ते कळत नाही, आणि ज्याच्या मनात एकच नाव आहे त्याला तेच ऐकू येते. मला तेथे मौन पाळता आले असते. श्रेय आयते पदरात पडत होते. ते मला पटेना.

"माफ करा," मी म्हणालो, "मी तुमच्या मिसेसविषयी विचारलं नाही. पट्टी म्हणजे आमच्याकडे गाणाऱ्याचा सा. तो आता कुठे लागतो, एवढंच विचारत होतो."

"म्हणजे तू पॅटीबद्दल विचारलंच नाहीस?"

"नाही."

"ब्लडी हेल, प्रोफेसर. आणि मी सगळं ओकून बसलो." ते खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "बरं, कुठे लागतो तो?"

मी पेटी उघडली. त्यांच्या रेकॉर्डी पांढरी सहाच्या, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला सा धरणाऱ्या. तेथे आवाज फाटला. काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, असा एकेक स्वर मी खाली देत गेलो. पांढरी चारवर ते निवांत टेकले.

"आमच्यात पट्टी गाण्याची नसते, गाणाऱ्याची असते," मी म्हणालो. "वय झालं की उतरवायची."

"आणि लोकांना चालतं?"

"न उतरवणाऱ्याला लोक हसतात."

त्यांनी गिटारीशिवाय दोन कडवी म्हटली. निवेदिकेने ती मध्ये तोडली नाहीत.

निवेदिकेच्या हळुवार प्रश्नांनी ते पुन्हा गाऊ लागले, असे पुढे स्थानिक वृत्तपत्राने छापले. बाई गुणी आहे, पण तिच्या प्रश्नाला उत्तर नकाराचेच मिळाले होते. गाणे परत आणले ते पॅटीच्या जुन्या तक्रारीने. माझा वाटा म्हणजे एक मराठी शब्द आणि पेटीचे पाच स्वर. याहून कमी मी घेणार नाही, आणि जास्त मला नको.

पुढचे काही आठवडे ते मागच्या पायरीवर बसून गिटारीशी झटत. तारा उतरवल्या तर त्या सैल पडून खडखडत. मग त्यांनी जाड तारा आणून बसवल्या. कुंपणापलीकडून मी पेटीवर पांढरी चार धरून ठेवी. चहा निवून जाई, आणि पुरे असे कोणी म्हणत नसे.

अखेर एका क्लबात त्यांचा कार्यक्रम ठरला. पहिले गाणे सुरू होताच पुढच्या टेबलावरचा एक म्हातारा ओरडला, "खालचा सूर लावलायस, मेट."

"तुझा कमरेचा पट्टाही खाली आलाय, मेट. मी काही बोललो?"

सभागृह हसले, आणि त्यांनी गाणे पुन्हा धरले. हे मी पहिल्या रांगेतून पाहिले आहे. जेथे पूर्वी पॅटीचा वरचा सूर येई तेथे त्यांनी दुसऱ्या कोणाला घेतले नव्हते. त्या ओळीपुरते ते तोंड मिटून नुसती गिटार वाजवत आणि पुढच्या ओळीला पुन्हा गात.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांनी गाडीला कॅरव्हॅन जोडली आणि ते उत्तरेकडे निघाले. वाटेतल्या क्लबांत गात गात डार्विन गाठायचे, असा बेत. परत कधी येणार, हे त्यांनी सांगितले नाही. घर भाड्याने दिले. तेथे आता पुण्याचे एक आयटीतले तरुण जोडपे राहते. परवा ती मुलगी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "काका, एजंट सांगत होता, इथले आजोबा फार थकले म्हणून त्यांना ओल्ड एज होममध्ये ठेवलंय. सो सॅड ना?"

"एजंटाला काही माहीत नाही," मी म्हणालो. "ते कामावर गेलेत."