तुपाच्या डब्याचा सायलेन्सर

बाबांनी सारी नोकरी कारखान्याच्या दणदणत्या शेडमध्ये काढली. निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कान तेवढे तिथेच राहिले. महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत निम्मे लोक असेच, ओरडून बोलणारे, त्यामुळे इथे खासगी असं काही नसतं. कोणाची सून रुसली हे पलीकडच्या गल्लीलाही कळतं.

कानाचं मशीन घ्यायला बाबा तयार नव्हते. त्याऐवजी त्यांनी गुरंदी बाजारातल्या कबाडातून एक छोटं रोटरी इंजिन आणलं आणि रिमोटवर उडणारं, खाटेएवढं विमान बांधायला घेतलं. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही. तीन कोपऱ्यांचा एक तुकडा आत गरगर फिरतो. धूर सोडायचं तोंड असं फटकन उघडतं की फटाक्यांची माळच लागावी. आई पोथी मिटून बसायची. बाबा मात्र डोळे मिटून, मान डोलावत ऐकायचे. इतक्या वर्षांत त्यांना नीट ऐकू आलेला हा एकच आवाज होता, आणि इंजिनाची नाडी ते त्यावरूनच बघत. मला राग यायचा. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे भंगार पोचत होतं.

कॉलनीत तक्रार केली ती फक्त शेजारच्या काकांनी. तेही बाबांच्याच शेडमधले, पण मुलाने त्यांना नुकतंच कानाचं मशीन बसवून दिलं होतं. "भाईसाहब, इतने साल बाद चिड़िया सुनाई दी है," ते बाबांच्या कानाशी ओरडले, "उसे तो बोलने दो."

बाबांना ते पटलं. आधी त्यांनी एक अरुंद नळी जोडली. आवाज दबला, पण धूर आतच कोंडला आणि इंजिनाचा जोर गेला. विमान मैदानभर कोंबडीसारखं धावलं, उडालं काही नाही. रुंद नळी लावली तर जोर परत आला आणि चिमण्या पुन्हा गप्प. शेवटी ताळमेळ सापडला तो आईच्या तुपाच्या स्टीलच्या डब्यात. धुराला पसरायला मोठी जागा, आत छिद्रांची नळी. आवाज बराच गेला, जोर थोडाच. तूप काचेच्या बरणीत गेलं, आणि आईच्या मते विज्ञानाची प्रगती तेवढीच झाली.

बरगीजवळच्या पडीक माळावर आम्ही सगळे गेलो, काकाही आले. विमान धावलं आणि खरंच उडालं. काकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना म्हणे झाडावरचे पोपटही ऐकू येत होते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बंद पडलं काय वं?" त्यांनी मला विचारलं.

"चालू हाये, बाबा," मी ओरडले. हातवारे केले. त्यांचा विश्वास बसेना. बंद पडलेलं विमान उतरवावं तसं त्यांनी ते घाईघाईने गवतात उतरवलं. पंखा तेव्हाही फिरत होता. सगळे शाबासकी देत होते आणि बाबा नुसते त्या पंख्याकडे बघत उभे होते.

परतताना गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणता उडलं, तं उडलं असन. मले काही समजलं नाही."

माझा सगळा राग तिथेच गळाला. फार वाईट वाटलं.

काका पुढच्याच सीटवर होते. त्यांना ते नीट ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पाना घेऊन आमच्या अंगणात आले आणि डबा काढा म्हणाले. बाबा काहून, काहून असं विचारत राहिले. काकांनी स्वतःच डबा सोडवला. कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

डबा आता आईकडे परत आला आहे, पण त्यात तूप राहत नाही. संध्याकाळी इंजिन सुरू झालं की आम्ही कानात बोटं घालून आत पळतो, आणि ते दोघे अंगणात मान डोलावत ऐकत बसतात.