फांदीच्या खालच्या अंगाला

सोनवण्यांचं पत्र कौतुकाने सुरू होई आणि प्रश्नाने संपे. "आपला रविवारचा लेख वाचला. फार छान लिहिता." एवढं झालं की पुढची ओळ वाचायची मला धास्ती वाटे, कारण ती ठरलेली असे: "हे आपण स्वतः बघितलं का?" खाली जय भीम, नाव, आणि खारी, भाईंदर पूर्व असा पत्ता. पाकिटात स्वतःचा पत्ता घातलेलं एक कोरं कार्डही असे. उत्तर टाळायला मला सबबच उरू नये, अशी चोख व्यवस्था.

मी पक्ष्यांवर, झाडांवर लिहितो. लोकांना वाटतं, हा माणूस सदा रानात असतो. खरं म्हणजे मी मीरा रोडला सहाव्या मजल्यावर पंख्याखाली बसतो आणि जुन्या वह्यांतून, दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचलून लेख जमवतो. आमच्या दोघांत एका रिक्षाचं अंतर, पण चार वर्षं आम्ही पत्रंच लिहिली. मी एकदा फोन नंबर मागितला, तर त्यांनी कळवलं, "फोनवर माणूस हो-हो म्हणून सुटतो. पत्राला नीट उत्तर द्यावं लागतं."

ते मूळचे जालन्याकडचे. महानगरपालिकेत चावीवाले होते, म्हणजे गल्लोगल्ली फिरून पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. निवृत्त झाले तरी जगातली प्रत्येक गोष्ट ते त्याच चावीने उघडत. माझ्या एका फुलोरा आलेल्या लेखावर त्यांनी लिहिलं होतं, "चावी हळू फिरवायची असते. विशेषणं एकदम सोडली की लाइन फुटते." मी चिडलो, आणि पुढच्या लेखातली निम्मी विशेषणं काढली.

मग तांबटाचं प्रकरण झालं. तांबट वाळक्या फांदीच्या माथ्यावर घरट्याचं भोक कोरतो, असं मी बिनदिक्कत लिहून टाकलं. चौथ्या दिवशी पत्र हजर. "भोक फांदीच्या खालच्या अंगाला असतं, म्हणजे पाणी आत जात नाही. आमच्या खिडकीसमोरच्या गुलमोहराला आहे. हे आपण स्वतः बघितलं का?" पुस्तक काढून पाहिलं, तर ते बरोबर होते. मला मनापासून लाज वाटली. त्यांची सगळी पत्रं पुन्हा वाचली तेव्हा एक गंमत लक्षात आली. घारीचं पोट, बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल डाग, कावळ्याचे पाय, असंच सगळं. त्यांनी एकाही पक्ष्याची पाठ कधी लिहिली नव्हती. मला वाटलं, म्हातारा झाडाखाली बाज टाकून पडत असेल.

मे महिन्यात आलेल्या पत्रात कौतुक नव्हतं. "पहिल्यांदाच काही मागतोय. सोसायटी पावसाळ्याआधी ती वाळकी फांदी तोडणार आहे. आत पिल्लं आहेत. रविवारी मीटिंग आहे. आपण लेखक आहात, या."

मी गेलो. दार उघडलं ते उंच, जरा वाकलेल्या माणसाने. पहिल्या मजल्यावरची ती छोटी खोली. खिडकीला लावून पलंग, आणि पलंगावर उताण्या पडलेल्या विमलताई, त्यांच्या पत्नी. पाठीच्या कण्याला मार लागल्यापासून सहा वर्षं त्या अशाच होत्या. सोनवणे म्हणाले, "बघणारी ही. मी नुसता कारकून." मला एकदम सगळी पत्रं कळली.

विमलताईंनी नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "सर, पिल्लं बाहेर यायला अजून किती दिवस?"

पुस्तकातला एक आकडा माझ्या ओठांवर आला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि तो आकडा मी गिळला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी कधी बघितलं नाही."

"मग मी सांगते," त्या म्हणाल्या. "आता चोची भोकाबाहेर काढतायत. गेल्या वर्षी चोची दिसल्यापासून उडेपर्यंत पंधरा दिवस मोजलेत."

मीटिंग खाली अंगणात होती. मी पर्यावरणावर दहा मिनिटं बोललो. सेक्रेटरी गुजराती गृहस्थ, फार सौजन्याने म्हणाले, "साहेब, फांदी किसी के सर पे गिरी तो?" प्रश्न रास्त होता. तेव्हा सोनवणे उठले. फांदी तोडायलाच हवी, हे त्यांनी आधीच कबूल केलं. फक्त थोडं थांबा; तोवर मी खाली दोरी बांधतो, खुर्ची टाकून बसतो, कोणाला जाऊ देत नाही.

"इतने साल मैं बोलता था पानी आएगा, तो आता था ना?" ते शांतपणे म्हणाले. "ये भी उड़ेंगे. पंद्रह दिन."

त्यांनी चावी हळूच फिरवली होती. कोणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर दिवसभर ते छत्री घेऊन दोरीपाशी बसत. मी दिवसाआड जाई. विमलताईंच्या उशीइतकं डोकं खाली आणायला मला पलंगाशेजारी जमिनीवर बसावं लागे. तिथून मात्र भोक स्वच्छ दिसायचं, आणि त्यातून डोकावणारी जाडजूड चोचसुद्धा. कितीतरी वर्षांनी मी डोळ्यांनी पाहिलेलं वहीत उतरवत होतो, आणि मला मनातून आनंद होत होता.

उडाली त्या दिवशी नेमका मी नव्हतो. लेखात तसंच लिहिलं: पिल्लं उडताना मी पाहिली नाहीत, विमलताईंनी पाहिली.

त्या लेखावर पत्र आलं. "लेख वाचला. फार छान लिहिता. पिल्लांना एक दिवस जास्त लागला म्हणून सेक्रेटरींची माफी मागितली. काल फांदी तोडली. विमल म्हणते, शेंड्याकडची दुसरी सुकायला लागलीय. एवढ्यात कोणाला सांगू नका."

खाली जय भीम आणि नाव. प्रश्नाची ओळ नव्हती. मी कागद उलटून पाहिला, मागेही नव्हती. कोरं कार्ड मात्र सोबत होतं. त्यावर मी लिहिलं, "रविवारी येतोय. दुसरी फांदी मला स्वतः बघायचीय."