आत्याच्या पाहुण्या

नवीन पनवेल कोणी वसवलं, हे सरकारदरबारी काय लिहिलं असेल ते असो; ते चालवत मात्र माझी आत्या होती. तेही पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, मांडीवर परात घेऊन, बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलता सोलता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिच्या मुलाने जुन्या पनवेलमधलं भाड्याचं घर सोडून रुळांपलीकडे फ्लॅट घेतला, तेव्हा ती बरेच दिवस तोंड फुगवून होती. ओळखीचा शेजार नाही, देऊळ नाही, भाजीवाली नवी. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की गॅलरीखाली चौक आहे. इमारतींच्या मधली मोकळी जागा, एक नळ, एक गुलमोहर, त्याच्याभोवती कट्टा आणि सिमेंटची काही बाकं. तिथे तिचं मन असं रमलं, की आम्ही जुन्या पनवेलला जेवायला बोलावलं तरी ‘चौक सोडून कशी येऊ?’ म्हणायची. जसं काही मागे दुभती म्हैस बांधलेली आहे.

माणसं मोकळ्या जागेत कशी वागतात, यावर आत्याची मतं पक्की होती. बाक बसण्यासाठी नसतं, पिशवी ठेवण्यासाठी असतं. माणूस बसतो तो कट्ट्यावर. नवरा-बायकोचं भांडण झालं असेल तर नवरा पुढे चालतो, आणि भांडण मोठं असेल तर बायको. चौक तिरका ओलांडतो तो नोकरीवाला, कडेकडेने जातो तो रिटायर झालेला. तळोज्याच्या कारखान्यातून पाळी संपवून येणारी माणसं नळावर खसाखसा तोंड धुऊन मगच घरी जातात, कारण वासावरून घरी बोलणी बसतात. यातल्या कोणाचंच नाव तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने आपणच बारसं करून टाकलं होतं. एक प्लंबर होता ‘उद्या येतो’. एक शिक्षिका होत्या ‘दोन छत्र्या’. रोज संध्याकाळी एक मुलगा आणि एक मुलगी मध्ये पिशवी ठेवून कट्ट्यावर बसायची आणि विरुद्ध दिशांना बघायची, त्यांचं नाव ‘अनोळखी’. त्यांचं जमलं हे आत्याला त्यांच्या आईबापांच्या आधी कळलं. “आज मध्ये पिशवी नाही,” एवढंच ती म्हणाली आणि पुढचा वाल सोलायला घेतला.

मी एकदा सुचवलं की इतकी हौस आहे तर खालीच जाऊन बसत जा. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “खाली गेलं की काही दिसत नाही,” म्हणाली. शिवाय गुडघे होतेच.

सकाळी मात्र तो कट्टा कातकरी बायकांचा असे. डोंगराकडच्या वाड्यांवरून त्या चालत यायच्या आणि मुकादम टेम्पो घेऊन येईपर्यंत गुलमोहराखाली बसायच्या. आसपास इमारती उठत होत्या, त्यांवर त्यांना रोजंदारी मिळे. एकीचं बाळ फांदीला बांधलेल्या झोळीत असायचं. ती आत्याची ‘झोळीवाली’. ती नळावर गेली आणि मागे बाळ रडायला लागलं, की आत्या वरून हाक द्यायची, आणि ती धावत यायची. दोघींची ओळख ती एवढीच.

मग इमारतींच्या मंडळाने चौकाची बाग करायची ठरवली. मंडळाचे सेक्रेटरी सज्जन गृहस्थ, गुलाबांवर जीव. त्यांनी चौकाला जाळीचं कुंपण घातलं, फाटक लावलं, फाटकाशी वॉचमन बसवला आणि पाटी रंगवून घेतली: ‘फक्त रहिवासी व त्यांच्या पाहुण्यांसाठी’. आत्याला आधी ते आवडलं होतं. गुलाब वरून छान दिसतील, असं ती म्हणाली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बायका कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, उन्हात उभ्या होत्या. वाळूचा एक ट्रक रिव्हर्स घेत त्यांच्या अंगावर येऊ लागला तशी पळापळ झाली. झोळीवालीने बाळ उचललं, पण भाकरीचं गाठोडं राहिलं आणि ते चाकाखाली गेलं. ट्रक गेल्यावर तिने फडकं उचलून झटकलं, घडी केली आणि कमरेला खोचलं. आत्या हे सगळं वरून बघत होती. त्या दिवशी वाल अर्धे सोललेले तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुनेचा, म्हणजे माझ्या वहिनीचा, हात धरून एकेक पायरी खाली उतरली. फाटकाशी जाऊन वॉचमनला म्हणाली, “यांना आत घे. या माझ्या पाहुण्या आहेत.”

वॉचमनने सेक्रेटरींना बोलावून आणलं. “काकू, इतके पाहुणे?” ते म्हणाले.

“तुमच्याकडे गणपतीला किती येतात ते मोजायला मी येते का?”

सेक्रेटरी नियमाचे माणूस, आणि पाटी त्यांनीच लिहून घेतलेली. पाहुणे असतील तर निदान त्यांची नावं तरी ठाऊक हवीत, असं ते म्हणाले. आत्याला एकही ठाऊक नव्हतं. तिने तिथेच वळून एकेकीला नाव विचारलं. झोळीवाली सोमी निघाली. नाव सांगून सोमीने उलट विचारलं, “आन तुजा नाव काय गो, आजे?”

आत्याला नाव विचारणारं माणूस कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. तिने ते सांगितलं, आणि वहिनी म्हणते, सांगताना चक्क लाजली.

त्यानंतर ती रोज सकाळी खाली जाऊन पाहुण्यांबरोबर बसू लागली. इथून काही दिसत नाही, ही तक्रार रोज करायची, पण पाहुण्यांना टाकून वर कसं जायचं? पुढे सेक्रेटरीच कंटाळले आणि फाटक सकाळचं उघडंच राहू लागलं. गुलाब काही जगले नाहीत. आत्याच्या मते त्यांना चौक पसंत पडला नव्हता.

काही वर्षांनी मुलाने ठाण्याला मोठं घर घेतलं. वरचा मजला, खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी भेटायला गेलो तेव्हा आत्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने विचारलं, चौकात हल्ली कोण असतं?

“लोक असतात की.”

“लोक म्हणजे कोण?”

पुढच्या खेपेला जाण्याआधी मी मुद्दाम एक संध्याकाळ कट्ट्यावर बसलो. सायकल शिकणारी मुलगी, मागून धावणारा पण सायकलवरचा हात केव्हाच सोडलेला तिचा बाप, फुगे उडून गेल्यावर त्यांच्याकडे बघत हसत सुटलेला फुगेवाला, असं सगळं तिला सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि थांबलो की ‘मग?’ म्हणत होती. शेवटी तिने सोमीचं विचारलं. त्या बायका आता चौकात येत नाहीत, हायवेच्या पुलापाशी उभ्या राहतात, असं मी ऐकलं होतं. तेच सांगितलं.

“तिथे सावली आहे का?”

बघून सांगतो म्हणालो. परतताना एसटीतून पुलाशीच उतरलो. दिवस मावळत होता, बायका तिथे असणार नव्हत्याच. पण एखादं झाड आहे का, एवढं तरी बघावं म्हणून रस्त्याच्या कडेने चालत गेलो. होतं एक. अजून माझ्या खांद्याएवढंच होतं.