मंत्रानंतरचा थांबा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — आईला नाही, सबाला तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे, तेही मला नीट मांडता येत नाही.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, बिघाड शोधणे ही माझी सवयच आहे. सबा माझी कॉलेजातली मैत्रीण, पुणतांब्याची. एका ऑनलाइन खेळात आम्ही एकाच संघात होतो — किल्ले, राक्षस, पाच जणांची लढाई. जखमी साथीदारांना मंत्राने बरे करायचे काम सबाचे. मी राखीव. परीक्षेत गुण नेहमी मला जास्त, पण खेळात सगळे म्हणत, "सबा हाय ना, मग मरत न्हाई कोनी." मी हसायचे. हसतानाच मत्सर अधिक पोसला जातो — हे तुम्ही अनुभवले आहे का?

सबाने एक मॅक्रो बसवला होता. एक कळ दाबली की जखमीची निवड, मंत्र आणि मागे एक पाऊल — सारे आपोआप. खेळात त्याला परवानगी होती. स्पर्धेच्या तोंडावर खेळाची नवी आवृत्ती आली आणि मॅक्रो बिघडला: मंत्र सुरू होई, पण बरे कोणीच होईना. एकेक कळ हाताने दाबायला लढाईत उसंत नसते. तिने तो मला पाठवला. "तूच बघ गं. तुझ्याइतकं कोनाला कळतंय?"

मला कळले. चहा निवायच्या आत कळले. नव्या आवृत्तीत मंत्राला जास्त वेळ लागत होता. मॅक्रो मात्र जुन्याच घाईने पाऊल मागे टाकत होता, आणि पाऊल हलले की मंत्र तुटत होता. मध्ये जरासा थांबा वाढवायचा — बस, एवढेच.

आणि मी काय कळवले? मॅक्रो ठीक आहे, तुमच्याकडचे नेट कमी पडते.

दुसऱ्या कोणाला दाखवायची तिला गरज वाटली नाही — मी सांगितले होते ना! लॅपटॉप पाठीला लावून ती एसटीने आमच्या कोपरगावला, तिच्या मावशीकडे येऊ लागली. "लढाईवर निघाली जनू! येताना राक्षसाचं मुंडकं आन," असे तिची अम्मी चिडवते म्हणून तीच हसत सांगायची. मावशीकडेही खेळातली माणसे मरतच राहिली. मी शेजारी बसून, कपाळाला आठ्या घालून, नेटचा वेग मोजायचे. इथेही फायबरचे वेगवान नेट कुठे आहे, म्हणायचे. आमच्या घरी होते. ये, असे मी कधी म्हटले नाही.

शेवटी तिने आपणहून जागा सोडली. तिचाच मॅक्रो गुपचूप दुरुस्त करून तिच्या जागी मी उतरले. आम्ही जिंकलो. पहिले अभिनंदन सबाचे होते.

परवा तिचा फोन आला. पुणतांब्यात फायबर पोहोचले. तिने आपला तोच जुना मॅक्रो लावून पुन्हा खेळून पाहिले. तेच घडले.

"नेट तर आता लई फास्ट हाय गं. म्हंजे तवाबी माझंच चुकत हुतं. माझाच हात बसला न्हाई. व्हय ना?"

मी म्हणाले, "असेल."