नजमाबाईंची चार क्रियापदे

नजमाबाई इंग्रजीच्या तासाला खडूबरोबर एक कापडी पिशवी घेऊन येत. पिशवीत कधी मेण चोळून चकचकीत केलेले सफरचंद असे, तर कधी माथेरानच्या वाटेवर पर्यटकांना विकला जाणारा 'रानचा मध', म्हणजे बहुतांशी गुळाचा पाक. वस्तू टेबलावर ठेवून त्या विचारीत, "ही स्वतःला कोण म्हणवते, आणि खरी कोण हाय?" त्यावर वर्गात भरपूर भांडण झाले, की मगच शब्द फळ्यावर येई.

कडावजवळच्या त्या शाळेत मी गणित शिकवीत असे. नजमाबाई खालापूरच्या. वडिलांचे किराणा दुकान होते आणि त्यांचे बालपण गल्ल्यामागे गेले होते. "माझं इंग्रजी कॉलेजात पेरलं, पण पिकलं दुकानात," असे त्या सांगत. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. त्या कायम होणार की नाही, हे त्या वर्षीच्या तपासणीच्या शेऱ्यावर ठरणार होते. शाळेच्या शिपायालाही ते ठाऊक होते.

तपासणीच्याच आठवड्यात त्यांनी आठवीला चार क्रियापदे शिकवली. त्यांची वर्गवारी मला, गणिताच्या माणसाला, इतकी आवडली की ती येथे नोंदवतो. खोट्याला खऱ्याचे नाव देऊन चालवायचे, ते 'पास ऑफ'. नकोशी वस्तू गोड बोलून दुसऱ्याच्या हातात सरकवायची, ते 'पाम ऑफ'. समोरचा नको म्हणत असताना गळ्यात मारायची, ते 'फॉइस्ट'. आणि त्याने मागितले एक असता भलतेच काही देऊन त्याची बोळवण करायची, ते 'फॉब ऑफ'.

"चौघांचा धंदा एक, कसब वेगळं," बाई म्हणाल्या. "ठकवणाऱ्याला पण शिस्त लागते रं, पोरांनू."

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला बोलावले. तपासणीच्या दिवशी आठवीतली सहा कच्ची मुले वाचनालयात पुस्तके झाडतील आणि त्यांच्या जागी दहावीतली सहा हुशार मुले बसतील, अशी त्यांची योजना होती. आमच्याकडे हे चालतच आले होते आणि माझे अक्षर सुवाच्य म्हणून ही यादी दर वर्षी मीच करीत असे. त्या वर्षीही केली. कच्च्यांमध्ये पहिले नाव ठाकरवाडीच्या जनीचे होते. नजमाबाईंनी यादी शांतपणे वाचली. त्या संतापतील, अशी माझी अपेक्षा होती. "अक्षर मात्र झकास हाय, भोईरसर," एवढेच त्या म्हणाल्या.

तपासणीचे साहेब आले. मुख्याध्यापकांबरोबर मीही त्यांच्यामागे आठवीच्या वर्गात गेलो. फळ्यावर चारही शब्द होते. साहेबांनी मागच्या बाकावरच्या, मिसरूड फुटलेल्या विद्यार्थ्याला 'फॉइस्ट'चा अर्थ विचारला. तो दहावीतला पहिला. पण हा धडा त्याला कोणी शिकवलाच नव्हता. त्याने आत्मविश्वासाने 'माझी शाळा' हा इंग्रजी निबंध सुरू केला. दुसऱ्याला विचारले, तर त्याने तोच निबंध पहिल्याने सोडला तेथून पुढे नेला. मुख्याध्यापक पंख्याकडे पाहू लागले. साहेबांनी पेनाचे टोपण काढले आणि मुले फारच कच्ची दिसतात, असे ते बाईंना म्हणाले. बाईंची नोकरी आता त्या पेनाच्या टोकावर होती.

"साहेब, हा माल आमच्या दुकानचा नाय," नजमाबाई नम्रपणे म्हणाल्या. "आमचा माल वाचनालयात धूळ झाडतोय. मागवू?"

सहाही मुले आली. जनीच्या केसांत जळमट अडकले होते. त्या सकाळी तिने वर्गात बसू देण्याची विनंती केली होती आणि मुख्याध्यापकांनी उत्तरादाखल तिच्या हातात डस्टर दिला होता. साहेबांनी तिला 'फॉब ऑफ' वाक्यात वापरायला सांगितले. जनीने डस्टर पाठीमागे लपवला, थोडा विचार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आय आस्क्ड फॉर द क्लास. हेडसर फॉब्ड मी ऑफ विथ अ डस्टर."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. बराच वेळ तो त्यांनी काढला नाही. मग त्यांनी विचारले, की ही अदलाबदलीची यादी कोणी केली? माझी कानशिले तापली. नजमाबाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "ते असू द्या साहेब. अक्षर सुधारायला नको, माणूस सुधारंल."

वर्गाला उत्तम शेरा मिळाला. मुख्याध्यापकांविषयी साहेबांनी वेगळा परिच्छेद लिहिला. मात्र बाईंना कायम करण्याचा कागद संस्थेकडून आलाच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी निरोपसमारंभ झाला. बाई घरगुती कारणास्तव, स्वेच्छेने जात असल्याचे मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितले आणि त्यांच्या खांद्यांवर शाल पांघरली. शेजारी येऊन बसल्यावर बाईंनी शालीची घडी उलगडून मला हळूच दाखवली. आत आधीच्या कोणा सत्कारमूर्तीच्या नावाची चिठ्ठी टाचलेली होती. "टाचणी तरी काढायची होती, टोचते हो," असे म्हणून त्या इतक्या हसल्या की समोरच्या पालकांना त्या रडत आहेत असे वाटले.

त्या खोपोलीकडच्या एका शाळेत गेल्या. पुढच्या तपासणीची सूचना आली, तेव्हा जनी नववीत होती. त्या दिवशी नववीच्या वर्गात कोण बसणार, याची यादी मुख्याध्यापकांनी मला करायला सांगितली. मी हजेरीपट उघडला, पहिल्या अनुक्रमांकापासून शेवटच्या अनुक्रमांकापर्यंत सगळी नावे सुवाच्य अक्षरात उतरवली आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. ते वाचू लागले. मी तासाला गेलो.